आईनं हक्कसोड केला, सातबाऱ्यावरून नाव गेलं; आता तिला बघायचं कोणी? कायदा आहे, पण अडलाय एका ओळीवर

तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात कामाच्या कोणत्याही दिवशी जा. बाहेरच्या बाकड्यावर सत्तरीतली एखादी बाई डोक्यावर पदर घेऊन बसलेली दिसेल. सोबत दोन पोरं, एखादा जावई आणि हातात फाईल घेतलेला दस्त लिहिणारा. नंबर आला की ती आत जाते, कॅमेऱ्यासमोर बसते, मशीनवर अंगठा ठेवते आणि बाहेर येते. आपण नेमकं काय देऊन आलो हे तिला विचारलं तर ती एवढंच सांगते, "पोरांच्या नावावर केलं."

हे चूक आहे असं नाही. जमीन पोरांनाच जायची असते आणि बहुतेक घरांत पोरं आईबापाला सांभाळतातही. प्रश्न आहे तो जिथं सांभाळत नाहीत त्या घरांचा. तिथं ही बाई उद्या दाद मागायला गेली तर सरकारी कायदा तिला पहिला प्रश्न विचारणार: दस्तात सांभाळायची अट लिहिली होती का?

ती ओळ बहुतेक वेळा लिहिलेलीच नसते. ज्येष्ठांचा छळ रोखण्याच्या सरकारी धोरणात सगळ्यात मोठं भोक कुठं असेल तर ते इथं, या बाकड्यावर आहे.

नावावर करणं सोपं झालं, चांगलं झालं. पण...

गेल्या काही वर्षांत सरकारनं जमिनीचे कागद सोपे केले. मुलगा, मुलगी, नातू, नात यांना शेतजमीन किंवा राहतं घर बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये लागतं (स्थानिक अधिभार वेगळा). एप्रिल २०२५ पासून राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम सुरू झाली. मयत खातेदारांची नावं काढून वारसांची नावं लावायची, हा तिचा उद्देश. मे २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं शेतजमिनीच्या वाटणीपत्रावरची नोंदणी फी माफ केली. वर्षानुवर्षं आजोबा-पणजोबांच्या नावावर अडकलेल्या सातबाऱ्यांमुळे पीक कर्ज मिळत नव्हतं, अनुदान अडत होतं, भावकीत भांडणं होत होती. त्यामुळे हे निर्णय गरजेचे होते.

पण वारस नोंद झाली की पुढे काय होतं ते गावात सगळ्यांना माहीत आहे. हिंदू वारसा कायद्यानुसार वडील गेल्यावर त्यांच्या हिश्श्यात आई, मुलगे आणि मुली सगळे सारखे वारस असतात. म्हणजे आईचं नाव सातबाऱ्यावर हक्कानं येतं. नाव आलं की काही दिवसांत घरात विषय निघतो: "आई, तुला आता जमिनीचं काय करायचंय? पीक कर्जाला प्रत्येक वेळी तुला बँकेत न्यावं लागतं. हक्कसोड करून टाक." बहिणींनाही तेच सांगितलं जातं. बहिणी माहेर तुटू नये म्हणून सही करतात. आई सही करते कारण जेवायचं त्याच घरात असतं.

बाई जन्मभर त्या रानात राबलेली असते. तिच्या नावावर जमीन येते ती नवरा गेल्यावर, आणि जाते ती पहिल्या वर्षश्राद्धाच्या आत.

त्यानंतर तिच्या हातात पोरांच्या चांगुलपणाशिवाय काही उरत नाही. पोरं चांगली असली तर काही बिघडत नाही. नसली तर पाळी लागते: चार महिने थोरल्याकडे, चार महिने धाकट्याकडे. आई एकाकडे, बाप दुसऱ्याकडे. औषधाचे पैसे कोणी द्यायचे यावरून वाद. म्हातारीची खाट पडवीत, मग गोठ्याशेजारी. मारहाण झाली तरच छळ, असं आपण समजतो. पण जेवायला वेळेवर न देणं, दवाखान्यात न नेणं, दिवसदिवस न बोलणं, निराधारचे पैसे काढून घेणं हासुद्धा छळच आहे.

हा प्रश्न शहरातला नाही

वृद्धाश्रम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पुणे-मुंबई येते. आकडे वेगळं सांगतात. २०११ च्या जनगणनेत देशात ६० वर्षांवरचे सुमारे १० कोटी ३८ लाख लोक होते. त्यातले ७ कोटींहून जास्त ग्रामीण भागात राहणारे होते. पोरं पुण्याला, सुरतेला, ऊसतोडीला गेली की गावात मागे राहतात ती म्हातारी माणसंच.

२०१७-१८ मध्ये केंद्र सरकारच्या आरोग्य खात्यानं वयस्कर लोकांची मोठी देशव्यापी पाहणी केली. त्यात साठीवरच्या सुमारे ५ टक्के लोकांनी मागच्या वर्षभरात आपल्याला वाईट वागणूक मिळाल्याचं सांगितलं. आकडा छोटा वाटेल. पण पाहणीवाला अंगणात बसून विचारतोय, सून आत चहा करतेय, मुलगा दारात उभा आहे, अशा वेळी किती जण तोंड उघडतील याचा विचार करा.

कायदा काय म्हणतो?

२००७ साली संसदेनं 'आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण कायदा' केला. महाराष्ट्रानं त्याचे नियम २०१० मध्ये काढले. कायदा कागदावर चांगला आहे आणि खेड्यातल्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून केलेला आहे.

कोर्टात जायची गरज नाही. अर्ज करायचा प्रांताधिकाऱ्यांकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे. तेच या कायद्याखालचं न्यायाधिकरण. वकील लावावा लागत नाही. ज्येष्ठाला स्वतः जाता येत नसेल तर त्यानं सांगितलेली दुसरी व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. प्रांत स्वतःहूनही दखल घेऊ शकतात. मुलगा पुण्यात राहत असला तरी आईनं पुण्याला जायचं कारण नाही, ती राहते तिथल्या प्रांताकडे अर्ज चालतो.

मुलगा, मुलगी, सज्ञान नातू, नात या सगळ्यांवर जबाबदारी आहे. मूलबाळ नसलेल्या ज्येष्ठाच्या बाबतीत, ज्याच्या ताब्यात त्याची मालमत्ता आहे किंवा ज्याला ती पुढे मिळणार आहे अशा नातेवाइकावर जबाबदारी येते. म्हणजे चुलत्याची जमीन कसणाऱ्या पुतण्याला "मी काय त्यांचा मुलगा आहे का?" असं म्हणून हात झटकता येत नाहीत. आई-वडिलांना अर्ज करायला वय ६० पूर्ण असण्याचीही अट नाही. सावत्र आई-वडीलही त्यात येतात.

नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यायचा, अगदीच अडचण असेल तर आणखी ३० दिवस. तोवर अंतरिम रक्कम सुरू करता येते. जास्तीत जास्त महिना १० हजार रुपये पोटगी. आदेश होऊनही पैसे दिले नाहीत तर वसुलीचं वॉरंट निघू शकतं आणि एक महिन्यापर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. म्हाताऱ्या माणसाला कायमचं टाकून देण्याच्या इराद्यानं कुठं सोडून आलात, तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा गुन्हा दखलपात्र आहे. म्हणजे "हा तुमचा घरगुती मामला आहे" असं सांगून पोलिसांना परत पाठवता येत नाही.

आणि यातलं सगळ्यात महत्त्वाचं कलम २३. सांभाळण्याच्या अटीवर ज्येष्ठानं बक्षीसपत्रानं किंवा दुसऱ्या कुठल्या मार्गानं मालमत्ता दिली, आणि घेणाऱ्यानं सांभाळलं नाही, तर तो व्यवहार फसवणुकीनं झाला असं धरून न्यायाधिकरण तो रद्द करू शकतं. जमीन परत.

वाचायला छान आहे. घोळ आहे तो "अटीवर" या शब्दात.

एका ओळीनं काय फरक पडतो: दोन निकाल

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवले की हा घोळ समजतो.

पहिला डिसेंबर २०२२ चा, हरियाणातला. एका आईनं आपली जमीन हक्कसोडपत्रानं मुलींच्या नावे केली होती. पुढे तिनं तक्रार केली आणि खालच्या न्यायाधिकरणानं दस्त रद्दही केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं तेव्हा न्यायालयानं विचारलं की सांभाळायची अट होती कुठं? ती दस्तात नव्हती आणि तशी अट होती हे सिद्धही झालं नव्हतं. निकाल आईच्या विरोधात गेला. न्यायालयानं स्पष्ट केलं की आई-बाप मुलांना जमीन देतात ती बऱ्याचदा प्रेमापोटी, बदल्यात काही न मागता. त्यामुळे प्रत्येक वेळी अट होतीच असं आपोआप धरता येणार नाही. ती दाखवावी लागेल.

दुसरा जानेवारी २०२५ चा, मध्य प्रदेशातल्या छतरपूरचा. तिथंही आईनं मुलाला बक्षीसपत्र करून दिलं होतं. पण त्याच वेळी मुलाकडून एक वचनपत्र घेतलं होतं की मी तुला शेवटपर्यंत सांभाळीन, नाही सांभाळलं तर तू दस्त रद्द करू शकतेस. मुलानं सांभाळलं नाही. उच्च न्यायालयात आई हरली. सर्वोच्च न्यायालयानं मात्र बक्षीसपत्र आणि वचनपत्र एकत्र वाचलं, बक्षीसपत्र रद्द केलं आणि मालमत्तेचा ताबा आईला परत द्यायला लावला. हा कायदा म्हाताऱ्या माणसांच्या भल्यासाठी आहे, त्याचा अर्थ लावताना हात आखडता घेऊ नका, असंही न्यायालयानं सांगितलं.

दोन्ही प्रकरणांत आईच होती, आणि जमीन दिली ती पोटच्या लेकरांनाच. एकीकडे लेखी अट होती, दुसरीकडे नव्हती. एवढ्या फरकानं एकीला घर परत मिळालं आणि दुसरीला नाही.

आता आपल्या तालुक्यातल्या किती हक्कसोडपत्रांत ती ओळ असेल? दस्त लिहिणारा ठरलेला मजकूर टाकतो. त्यात "माझा कोणताही हक्क, हितसंबंध राहिलेला नाही" हे न चुकता असतं. "लिहून घेणार यांनी लिहून देणार यांना हयातभर सांभाळावं, न सांभाळल्यास हा दस्त रद्द होईल" हे कोणी सांगितलं तरच येतं. आणि हे सांगायचं कोणी? आईला माहीत नसतं. मुलाला ते नको असतं. दस्त लिहिणाऱ्याचे पैसे मुलगा देत असतो.

वाटणीपत्राची गोष्ट आणखी अवघड आहे. वाटणीत ज्याचा-त्याचा हिस्सा वेगळा होतो, त्यामुळे त्याला "दिलेली मालमत्ता" म्हणायचं का यावरच वाद घालता येतो. म्हणून वाटणी करताना आई-बापांनी आपला हिस्सा शून्य करून घेणं सगळ्यात धोक्याचं.

प्रांताच्या पायरीपर्यंत जायचं कसं?

कायद्यानं न्यायाधिकरण प्रांताकडे दिलं ते लोकांना जवळ पडावं म्हणून. तरी बऱ्याच गावांसाठी प्रांत कार्यालय दुसऱ्या तालुक्याच्या गावी असतं. गुडघे गेलेल्या बाईला एसटीनं तिथं तीन-चार तारखांना जायचं म्हणजे सोबत कोणीतरी हवं. आणि घरात सोबत येणारा माणूस म्हणजे बहुतेक वेळा ज्याच्याविरुद्ध तक्रार तोच.

प्रांतांच्या टेबलावर भूसंपादन, निवडणूक, पंचनामे, जमिनीची अपिलं असं ढीगभर काम असतं. ९० दिवसांची मुदत कायद्यात आहे, पण ती पाळली नाही तर कोणाला जाब विचारायचा याची सोय नाही.

त्याहून मोठी अडचण मनातली. आपल्याकडे पोटच्या पोराविरुद्ध सरकारात अर्ज करणं म्हणजे स्वतःच्या हातानं घराची अब्रू वेशीवर टांगणं. म्हातारी माणसं उपाशी राहतील पण तसं करणार नाहीत. शिवाय अर्ज करून संध्याकाळी परत त्याच घरात जायचं असतं. म्हणून जे धोरण फक्त तक्रारीची वाट बघत बसतं, ते आपल्या गावात निम्मं फसलेलंच समजा.

प्रांत स्वतःहून दखल घेऊ शकतात हे खरं. पण चाळीस किलोमीटरवर बसलेल्या अधिकाऱ्याला पडवीतली खाट दिसणार कशी? ती दिसते आशाताईला, अंगणवाडी सेविकेला, पोलिस पाटलाला, रेशन दुकानदाराला. या लोकांकडून माहिती वर जायची ठरलेली वाट नाही. २०१९ मध्ये केंद्र सरकारनं कायद्यात दुरुस्तीचं विधेयक लोकसभेत आणलं होतं. त्यात प्रत्येक पोलिस ठाण्यात ज्येष्ठांसाठी एक अधिकारी नेमायचा, १० हजारांची मर्यादा काढायची, सून-जावई यांनाही जबाबदार धरायचं असे बदल होते. ते संसदेच्या समितीकडे गेलं, समितीचा अहवाल आला, पण मंजूर झालं नाही आणि २०२४ मध्ये ती लोकसभा संपली तशी विधेयकाची मुदतही संपली. २००७ साली ठरलेले १० हजार आजही १० हजारच आहेत. तेव्हाचा गोळ्या-औषधांचा खर्च आणि आजचा खर्च तुम्हीच लावून बघा.

लातूरनं काय केलं

आपल्या राज्यात एका जिल्हा परिषदेनं वेगळी वाट काढली होती. लातूर जिल्हा परिषदेनं २०२० मध्ये ठराव केला की जो कर्मचारी आई-वडिलांना सांभाळत नाही त्याच्या पगारातून ३० टक्के रक्कम कापून थेट आई-वडिलांच्या खात्यात टाकायची. त्यानुसार काही कर्मचाऱ्यांवर कारवाईही झाली. त्यात शिक्षक होते. बातमी राज्यभर गाजली.

ठराव चांगला होता, कारण त्यात आईला तारखांना फिरावं लागत नाही. पण पगार ज्याला आहे त्याचाच कापता येतो. शेतकऱ्याच्या, ड्रायव्हरच्या, कंपनीत कंत्राटावर असलेल्या पोराच्या बाबतीत कापायचं काय? त्याच्याकडे आई-बापाचं असं जे आलेलं असतं ते म्हणजे जमीन. म्हणून बंधन घालायचं तर ते जमिनीच्या कागदावरच घालावं लागेल.

पोरांची बाजूही ऐका

सगळा दोष पोरांवर टाकून मोकळं होणं सोपं आहे. दोन एकर कोरडवाहू, डोक्यावर सोसायटीचं कर्ज, पोरांच्या शाळेची फी, आणि घरात अंथरुणाला खिळलेला बाप. अशा घरात सगळ्यात जास्त राबते ती सून. तिला ना त्याचे पैसे, ना कोणाची शाबासकी. थकलेल्या माणसाचा तोल जातो. सरकारनं कायद्यात जिल्ह्याला एक वृद्धाश्रम असावा असं म्हटलं आहे, पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाला घरी येऊन बघणारा, जखमेचं ड्रेसिंग करणारा, सुनेला दोन दिवस उसंत देणारा कोणी गावात नाही. छळ रोखायचा तर सांभाळणाऱ्यालाही हात द्यावा लागतो, हे आपल्या धोरणात फारसं दिसत नाही.

दुसरी गोष्ट, या कायद्याचा उलटा वापरही होतो. मुलगा-सुनेचं पटत नाही, सुनेला घराबाहेर काढायचं आहे, मग सासू-सासऱ्यांना पुढे करून अर्ज द्यायचा. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२० मध्ये बेंगळुरूच्या एका प्रकरणात हे ओळखलं. कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं सुनेला सासरच्या घरात राहायचा जो हक्क दिला आहे, तो ज्येष्ठांच्या कायद्याचा वापर करून सरसकट उडवता येणार नाही, दोन्ही हक्कांचा मेळ घालावा लागेल, असं न्यायालयानं सांगितलं.

भावाभावांच्या भांडणातही आईचा अंगठा हत्यार म्हणून वापरला जातो. एक भाऊ आईला घेऊन येतो, दुसऱ्याविरुद्ध अर्ज टाकतो. म्हणून प्रांतांनी आईशी एकटीशी बोलणं, तेही पोरांना बाहेर बसवून, हे चौकशीत सगळ्यात आधी व्हायला हवं.

निराधारचे पैसे आणि अंगठा

जमीन नसलेल्या म्हाताऱ्या माणसांची लूट वेगळ्या पद्धतीनं होते. श्रावणबाळ किंवा संजय गांधी निराधार योजनेचे दरमहा १५०० रुपये आता थेट खात्यात येतात. पण खात्यातून काढायला अंगठा लागतो. नातू घेऊन जातो, किंवा पैसे देणारा "अंगठा जुळला नाही, उद्या या" म्हणतो आणि पैसे मात्र निघालेले असतात. खात्याला जोडलेला मोबाईल नंबर नातवाचा, त्यामुळे मेसेज त्यालाच.

पोटच्या पोरानं किंवा नातवानं पैसे घेतले तर त्याला चोरी म्हणायची आपली तयारी नसते. पण त्या बाईच्या गोळ्या त्याच १५०० वर चालतात.

सरकारला आणि जिल्ह्याला काय करता येईल?

यासाठी नवा कायदा लागणार नाही. तीन गोष्टी आहे त्या यंत्रणेतच होऊ शकतात.

एक, ६० वर्षांवरची व्यक्ती बक्षीसपत्र किंवा हक्कसोडपत्र करत असेल तर नोंदणीच्या वेळी तिला पोरांपासून बाजूला घेऊन एक प्रश्न विचारावा: सांभाळायची अट घालायची आहे का? होय किंवा नाही, उत्तर दस्तात नोंदवावं. नको म्हणाली तर तिची मर्जी. पण विचारलं तर गेलं. जिथं फोटो आणि अंगठा घ्यायला वेळ आहे, तिथं या एका प्रश्नाला दोन मिनिटं मिळू शकतात.

दोन, प्रांतांनी या अर्जांसाठी महिन्यातून एक दिवस प्रत्येक तालुक्याच्या गावी बसावं. फेरफार अदालती होतात, तशीच ही.

तीन, आशाताई, अंगणवाडी सेविका आणि पोलिस पाटील यांना असं घर दिसलं तर कळवायचं कोणाला, हे लेखी ठरवून द्यावं. कळवणाऱ्याचं नाव गुप्त राहावं. नाहीतर गावात राहून कोणी वैर घेणार नाही.

ग्रामसभेत हा विषय घेतला तर तालुक्याला ठराव पाठवता येतो. मुलांचा दाखला अडवायचा, पाणी तोडायचं असले ठराव करू नका, ते कायद्यात बसत नाहीत. मागणीचा ठराव करा.

घरात वयस्कर माणूस असेल तर एवढं लक्षात ठेवा

१. सही किंवा अंगठा देण्याआधी दस्त मोठ्यानं वाचून घ्या, तोही घेणाऱ्याशिवाय दुसऱ्या कोणाकडून. "हयातभर अन्न, वस्त्र, निवारा, औषधपाणी द्यायचं, न दिल्यास दस्त रद्द" ही अट लिहून घ्या. दस्तात नसेल तर त्याच दिवशी वेगळं वचनपत्र तरी घ्या.

२. जमीन पोरांना द्यायचीच आहे पण आत्ता द्यायची घाई नाही, तर मृत्युपत्र करा. त्याला मुद्रांक शुल्क लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही (केलेली बरी), दोन साक्षीदार लागतात. हयात असेपर्यंत नाव तुमचंच राहतं आणि मन बदललं तर मृत्युपत्र बदलता येतं.

३. वाटणी करताना आई-वडिलांच्या नावे थोडा का होईना, हिस्सा ठेवा. निदान राहतं घर तरी.

४. फसवून सही घेतली असं वाटलं तर फेरफाराच्या नोटिशीवर १५ दिवसांत तलाठ्याकडे लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. दस्त रद्द व्हायला पुढे वेगळी दाद मागावी लागते, पण वाद नोंदला जातो.

५. प्रांताचा निकाल विरोधात गेला तर ६० दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं.

६. आईला मारहाण, शिवीगाळ होत असेल तर कौटुंबिक हिंसाचार कायदा तिलाही लागू आहे. तो फक्त सुनांसाठी नाही.

७. बँक खात्याला ज्येष्ठाचा स्वतःचा नंबर जोडा. अंगठा दिला की दरवेळी पावती मागा. महिन्यातून एकदा पासबुक भरून घ्या.

८. ज्येष्ठांसाठी मोफत हेल्पलाइन १४५६७, सकाळी ८ ते रात्री ८. तातडीची मदत लागली तर ११२. मोफत कायदेशीर सल्ल्यासाठी १५१०० किंवा तालुका विधी सेवा समिती. स्त्रियांना तिथं उत्पन्नाची अट नाही.

हे वाचणारे बहुतेक जण तिशी-चाळिशीतले असतील, कारण घरातला स्मार्टफोन तुमच्याकडेच असतो. आईकडे साधा फोन असतो, किंवा तोही नसतो. तेव्हा ही माहिती तिच्यापर्यंत पोहोचवायची की नाही हेसुद्धा तुमच्याच हातात आहे. ज्याला आईला सांभाळायचंच आहे त्याला दस्तात एक ओळ जास्त लिहायला अडचण नसावी. ज्याला अडचण वाटते, त्या घरात ती ओळ आधी लिहायला हवी.